पारावरील चर्चा ते ग्रामसभेचा ठराव : गावपातळीवरील नागरी प्रश्नांच्या संवादाचा एक अभ्यास

प्रस्तावना

ग्रामीण समाजजीवनात सार्वजनिक चर्चेची परंपरा जुनी आहे. गावातील पार, चावडी, देवळाचा ओटा, पाणवठा, पिठाची गिरणी, दूध संकलन केंद्र, एस.टी.चा थांबा व चहाची टपरी ही या चर्चेची ठिकाणे होत. पाण्याची पाळी चुकली, डी.पी. जळाली, रेशनचे धान्य आले नाही, गटार तुंबले, दवाखान्यात परिचारिका नव्हती, अशा रोजच्या जगण्यातील अडचणी प्रथम या ठिकाणी बोलल्या जातात. अलीकडच्या काळात गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांनी या पाराला आणखी एक जागा मिळवून दिली आहे.

दुसरीकडे, याच प्रश्नांवर चर्चा करण्यासाठी कायद्याने ग्रामसभा हे व्यासपीठ निर्माण केले आहे. तथापि जे प्रश्न पारावर तावातावाने मांडले जातात त्यांपैकी बरेचसे ग्रामसभेच्या इतिवृत्तात आढळत नाहीत. या विसंगतीचे स्पष्टीकरण सामान्यतः ग्रामस्थांची उदासीनता, अज्ञान किंवा जागृतीचा अभाव असे दिले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. पारावर बोलणारा माणूस उदासीन नसतो; आपला प्रश्न त्याला नेमका ठाऊक असतो. उणीव असते ती बोललेल्या शब्दाची नोंद होण्याची आणि त्या नोंदीला उत्तर मिळण्याची. या दृष्टीने तक्रारीपासून ठरावापर्यंतच्या प्रवासातील टप्पे व अडथळे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. गावातील अनौपचारिक चर्चा व ग्रामसभा यांतील फरक स्पष्ट करणे.
२. ग्रामसभेच्या कार्यपद्धतीचा व त्यातील उणिवांचा परामर्श घेणे.
३. ठरावाचे सामर्थ्य व मर्यादा काही उदाहरणांच्या आधारे तपासणे.
४. महाविद्यालयीन पातळीवर करता येण्याजोग्या कार्याची दिशा सुचविणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून कायद्यातील तरतुदी आणि सर्वज्ञात घटना यांचा आधार घेतला आहे.

१. अनौपचारिक चर्चेचे स्वरूप

पारावरील चर्चेचे काही गुण निर्विवाद आहेत. तेथे विषयपत्रिका नसते, कोणाची परवानगी लागत नाही व बोलीभाषेत मोकळेपणाने बोलता येते. एखादी बातमी खरी की खोटी याची छाननीही तेथेच होते. नळाला पाणी न येण्याचे कारण पंप नादुरुस्त असणे हे आहे, की वीजबिल थकल्याने जोडणी तोडली गेली आहे, याचा उलगडा बहुधा कार्यालयाआधी पारावर होतो.

परंतु ही चर्चा सर्वांची नसते. पारावर बसतात ते पुरुष, आणि त्यांतही ज्यांना बसण्याइतकी उसंत आहे ते. स्त्रियांची चर्चा नळकोंडाळ्यावर, गिरणीत व बचत गटाच्या बैठकीत होते. शेतमजुराची चर्चा बांधावर होते. दलित वस्ती, भटक्या-विमुक्तांची पाले व आदिवासी पाडे यांची बोलणी त्या त्या वस्तीपुरती राहतात. म्हणजे गावात एक चर्चा नसून अनेक चर्चा एकाच वेळी चालू असतात व त्या एकमेकींना क्वचितच भेटतात. एकाच पाणीटंचाईविषयी पारावर बोलले जाते ते टँकरच्या ठेकेदाराबद्दल, आणि नळकोंडाळ्यावर बोलले जाते ते पाणी रात्री दोन वाजता सोडल्यामुळे होणाऱ्या जागरणाबद्दल. दोन्ही बाबी खऱ्या असतात. परंतु औपचारिक व्यासपीठापर्यंत पोहोचते ती बहुधा पहिलीच.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्यांविषयी मांडलेली भूमिका लक्षात घ्यावी लागते. खेडे हे संकुचितपणा व अज्ञान यांचे आगर आहे, असा इशारा देऊन त्यांनी व्यक्तीला संविधानाचा घटक मानण्याचे समर्थन केले. पुढे अनुच्छेद ४० अन्वये ग्रामपंचायतींच्या संघटनाचा समावेश राज्य धोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत झाला. या दोन विचारांतील ताण आजही संपलेला नाही. गावाला बोलण्याचा अधिकार द्यावयाचा, तर गावात कोण बोलते हा प्रश्न टाळता येत नाही.

२. ग्रामसभा : कायदेशीर चौकट

७३ व्या संविधान दुरुस्तीने (१९९२, अंमल २४ एप्रिल १९९३ पासून) ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले. अनुच्छेद २४३ मधील व्याख्येनुसार पंचायतीच्या क्षेत्रातील मतदार यादीत नाव असलेल्या सर्व व्यक्तींची मिळून ग्रामसभा बनते. ग्रामपंचायत निवडून दिली जाते. ग्रामसभेचे सदस्यत्व मात्र प्रत्येक मतदाराला आपोआप प्राप्त होते. मात्र ग्रामसभेला कोणते अधिकार द्यावयाचे हे अनुच्छेद २४३-क ने राज्य विधानमंडळावर सोपविले आहे.

महाराष्ट्रात या संदर्भातील मूळ कायदा १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम हा असून तो आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम ७ मध्ये ग्रामसभेच्या बैठकांची तरतूद आहे. वर्षातून किमान चार सभा घेणे बंधनकारक असून पुरेशा कारणाविना सभा न घेणारा सरपंच अपात्र ठरू शकतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे दिवस ग्रामसभेचे म्हणून रूढ झाले आहेत. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. साधारण सभेची नोटीस किमान सात दिवस आधी काढावी लागते. ती फलकावर लावणे व दवंडी देणे अपेक्षित असते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते.

गणपूर्तीच्या या नियमाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. साधारण ६७० मतदारांच्या पुढे गाव कितीही मोठे असले तरी शंभरच माणसे पुरतात. दोन हजार मतदारांच्या गावात हे प्रमाण पाच टक्के, तर पाच हजारांच्या गावात दोन टक्के होते. शिवाय गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरविताना गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे पहिली सभा तहकूब होणे आणि नंतरची सभा मोजक्या माणसांत उरकली जाणे, हा अनेक गावांतील नित्याचा क्रम झाला आहे. कायद्याचे पालन होते, परंतु गावाचे बोलणे सभेत येत नाही.

३. तक्रारीचा ठराव कसा होतो?

पारावरील तक्रार व ग्रामसभेचा ठराव यांच्यामध्ये चार पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर काही विषय गळतात.

अ) विषयपत्रिकेत समावेश. शासनाच्या परिपत्रकांनुसार घ्यावयाचे विषय, योजनांचे लाभार्थी निवडणे, जमाखर्चाचे वाचन यांनी विषयपत्रिका भरलेली असते. ग्रामस्थांचे प्रश्न ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या शेवटच्या कलमात ढकलले जातात. तोवर दुपार झालेली असते व निम्मी माणसे उठून गेलेली असतात. विषय लेखी स्वरूपात आधी देता येतो व त्याची पोच घेता येते, ही साधी गोष्टही पुष्कळांना अवगत नसते.

आ) मांडणी. ‘आमच्या आळीकडे कोणी बघत नाही’ ही तक्रार झाली. ‘अमुक आळीतील बारा घरांना दोन महिन्यांपासून आठवड्यातून एकदाच पाणी येते, व्हॉल्व्ह दुरुस्तीचा खर्च पाणीपुरवठा निधीतून करावा’ हा ठरावाचा मसुदा झाला. पहिल्या वाक्याला आश्वासन मिळते, तर दुसऱ्याला होकार किंवा नकार द्यावाच लागतो. जागा, मुदत, संख्या व जबाबदार यंत्रणा या तपशिलांनी गाऱ्हाण्याचे रूपांतर सार्वजनिक प्रश्नात होते.

इ) नोंद. सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम ग्रामसेवकाकडे राहिले आहे; २०२४ मध्ये ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे पदनाम देण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. तासभर चाललेल्या वादातून इतिवृत्तात काय उतरते, हे लिहिणाऱ्यावर अवलंबून असते. ‘चर्चा झाली व ठराव सर्वानुमते मंजूर’ या ठरीव वाक्यात विरोध करणाऱ्यांचे म्हणणे, सूचना व आकडे नाहीसे होतात. इतिवृत्त सभेतच लिहून शेवटी वाचून दाखविले गेले, तर बहुतेक वाद मिटू शकतात. हजेरीपटावर आधी सह्या घेऊन मजकूर सवडीने लिहिला जातो, तेथे ठरावाची विश्वासार्हता संपते.

ई) अनुपालन. पुढील सभेत मागील ठरावांवर काय कार्यवाही झाली याचे वाचन होणे अपेक्षित असते. बहुसंख्य ठिकाणी सर्वाधिक दुर्लक्षित टप्पा हाच आहे. उत्तर न मिळालेला ठराव पुन्हा पारावर परत येतो, आणि तेथे तो ‘सभेत बोलून उपयोग नाही’ या निष्कर्षाला बळ देतो. ज्याला उदासीनता म्हटले जाते ती पुष्कळदा अशी अनुभवातून आलेली असते.

येथे वैयक्तिक तक्रार व सामूहिक प्रश्न यांतील भेदही नोंदविला पाहिजे. दाखला मिळत नाही, नोंद होत नाही अशा बाबींसाठी नागरिकाला इतर मार्ग उपलब्ध आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क आहे. परंतु लोकशाही दिनात तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते आणि सेवा हक्क हा अर्जदाराचा असतो. वस्तीचा रस्ता, गटार, स्मशानभूमी, सार्वजनिक विहीर हे प्रश्न कोणा एकाचे नसतात. एका अर्जदाराच्या नावाने ते या मार्गांत बसत नाहीत. त्यांच्यासाठी जवळचे व हक्काचे व्यासपीठ ग्रामसभा हेच होय. ती निष्प्रभ झाली की सामूहिक प्रश्नांची वैयक्तिक गाऱ्हाणी बनतात, आणि मग ती सुटतात ती ओळखीपाळखीने.

४. ठरावाचे सामर्थ्य व मर्यादा : काही उदाहरणे

मेंढा (लेखा). गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील या गोंड आदिवासी गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा प्रत्यक्षात आणली. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांचे कार्य या संदर्भात सर्वपरिचित आहे. येथील वैशिष्ट्य म्हणजे ग्रामसभेसोबत चालणारा अभ्यास गट. निर्णयाची घाई नसलेल्या या गटात माहिती घेतली जाते, बाहेरील जाणकारांना विचारले जाते व मतभेद उलगडले जातात. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. मोकळी चर्चा व औपचारिक निर्णय यांच्यामधील दरी बुजविणारी ही रचना आहे. वन हक्क कायदा, २००६ अन्वये २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. वर्षानुवर्षांच्या बैठकांची ही फलश्रुती होती.

दारूबंदीचे मतदान. २००८ च्या राज्य शासनाच्या आदेशानुसार गावातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास दारूदुकानाबाबत गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवरील ‘उभी बाटली’ व ‘आडवी बाटली’ या चिन्हांमुळे ही प्रक्रिया त्याच नावाने ओळखली जाते. दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. उदाहरणादाखल, ८०० महिला मतदारांच्या गावात ६०० जणींनी मतदान केले व ३९० मते आडव्या बाटलीला पडली, तर स्पष्ट बहुमत असूनही दुकान चालूच राहील. कारण आवश्यक मते ४०१ होती. कामासाठी स्थलांतरित झालेली किंवा मृत्यूनंतरही यादीत नाव राहिलेली स्त्री येथे परिणामतः उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. नळकोंडाळ्यावर सुरू झालेली चर्चा निर्णयापर्यंत न्यावयाची, तर मतदार यादीच्या दुरुस्तीपासून सुरुवात करावी लागते, हा यातील धडा आहे.

हेरवाड. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा थांबविण्याचे त्यात आवाहन होते. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरविण्यास सांगितले. जे दुःख माजघरातही दबक्या आवाजात बोलले जात होते ते येथे गावाच्या इतिवृत्तात नोंदले गेले. अर्थात रूढी ठरावाने तत्काळ संपत नाहीत. परंतु रूढी नाकारणाऱ्या स्त्रीला आधार म्हणून दाखविता येईल असा एक कागद गावाच्या दप्तरात निर्माण झाला.

महाड. ठराव म्हणजे प्रश्नाची सोडवणूक नव्हे, याचे महाराष्ट्राच्या इतिहासातील ठळक उदाहरण चवदार तळ्याचे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने संमत केला. त्यास अनुसरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही प्रत्यक्षात पाणी भरणे शक्य झाले नाही, म्हणून २० मार्च १९२७ चा सत्याग्रह घडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि तळ्यावरील हक्क न्यायालयात सिद्ध होण्यास १९३७ साल उजाडले. ठराव नसता तर लढ्याला कायदेशीर पाया मिळाला नसता आणि केवळ ठरावावर विसंबून राहिले असते तर पाणी मिळाले नसते, असा दुहेरी बोध या घटनाक्रमातून मिळतो.

५. नागरी भागातील स्थिती

७४ व्या संविधान दुरुस्तीने शहरांसाठी ग्रामसभेसारखी रचना केली नाही. अनुच्छेद २४३-ध अन्वये तीन लाख व अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद झाली. परंतु त्या मुख्यतः नगरसेवकांच्या समित्या आहेत. महाराष्ट्रात २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभांची तरतूद केली, तथापि ती व्यवहारात रुजली नाही. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागविण्याची पद्धत सुरू केली, हा लक्षणीय अपवाद म्हणावा लागेल. सोसायटीची बैठक, चाळीचा व्हरांडा किंवा वस्तीचा चौक येथे होणाऱ्या चर्चेला शहरात इतिवृत्ताचे हक्काचे दप्तरच नाही. त्या अर्थी, उणिवा असूनही, ग्रामीण नागरिकाच्या हाती शहरी नागरिकापेक्षा अधिक प्रभावी साधन आहे.

६. महाविद्यालयांची भूमिका

राष्ट्रीय सेवा योजनेची (स्थापना १९६९) सात दिवसांची विशेष शिबिरे दत्तक गावांत होतात. त्यांत स्वच्छता, वृक्षारोपण व प्रबोधनपर व्याख्याने यांवर भर असतो. या कार्याचे मोल आहेच. तथापि पुढील उपक्रमांची जोड देणे उपयुक्त ठरेल.

१. दत्तक गावातील मागील दोन वर्षांच्या ग्रामसभांचे इतिवृत्त अभ्यासून ठराव व कार्यवाही यांचा तक्ता तयार करणे. इतिवृत्त सहज उपलब्ध न झाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये ते मागता येते.
२. महिला सभेत मांडलेले विषय त्यानंतरच्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात आले का, याची पडताळणी करणे.
३. वस्तीवार बैठकांतून आलेल्या तक्रारींचे ठरावाच्या मसुद्यात रूपांतर करण्यास ग्रामस्थांना साहाय्य करणे. मराठी व राज्यशास्त्र या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांसाठी हे व्यावहारिक लेखनाचे उत्तम शिक्षण ठरेल.
४. तयार झालेला तक्ता ग्रामपंचायतीच्या संमतीने ग्रामसभेत वाचून दाखविणे.

यांत गावाला शिकविण्याची भूमिका टाळणे महत्त्वाचे आहे. गावाला आपले प्रश्न ठाऊक असतात. विद्यार्थी लेखणी पुरवू शकतो. गावातील गटबाजीपासून अलिप्त राहण्याची दक्षताही कार्यक्रम अधिकाऱ्याने घेतली पाहिजे.

निष्कर्ष

१. गावात नागरी प्रश्नांविषयीची चर्चा भरपूर आहे. तिचे ठिकाण व तिचे भागीदार मात्र विभागलेले आहेत. त्यामुळे जागृतीचा अभाव हे ग्रामसभेच्या अपयशाचे पुरेसे कारण ठरत नाही.

२. विषयपत्रिका, मांडणी, नोंद व अनुपालन या चार टप्प्यांपैकी अनुपालनाची उपेक्षा सर्वाधिक हानिकारक आहे. कारण ती पुढील सभेची उपस्थितीच घटविते.

३. गणपूर्तीचे व मतमोजणीचे नियम तटस्थ भासले तरी त्यांचा परिणाम तटस्थ नसतो. अनुपस्थितांचे मौन कोणाच्या बाजूने मोजले जाते हे नियमच ठरवितात.

४. ठराव हे साधन आहे, साध्य नव्हे. महाडचा इतिहास ठरावाची मर्यादा, तर मेंढा (लेखा) येथील अनुभव त्यामागील अभ्यासाचे मोल दाखवितो.

५. ज्या वस्तीचे बोलणे इतिवृत्तात येत नाही तिचे प्रश्न गावाच्या विकास आराखड्यातही येत नाहीत आणि पर्यायाने निधीही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून ग्रामसभेच्या नोंदवहीत कोणाचे शब्द उतरतात, हा गावातील पाण्याच्या, रस्त्याच्या व दिव्याच्या वाटणीचाच प्रश्न होय.